ह्यूज विरुद्ध ब्रूस्टर, 1947: चौकशी करणाऱ्याचीच चौकशी झाली, त्या सुनावणीची गोष्ट

1947 चा ऑगस्ट. वॉशिंग्टनला सिनेटच्या इमारतीतली कॉकस रूम, खच्चून गर्दी, न्यूजरीलवाल्यांचे डोळे दिपवणारे दिवे. सिनेटर होमर फर्ग्युसन साक्षीदाराला विचारतोय, तुमचा तो प्रसिद्धीवाला जॉनी मेयर दोन वाजता इथे आणाल का? साक्षीदार जरा थांबतो आणि म्हणतो, "नाही, मला नाही वाटत मी आणेन." मागे हशा आणि टाळ्या. साक्षीदार म्हणजे हॉवर्ड ह्यूज, टेक्सासचा कोट्यधीश, सिनेमावाला, विमानवाला, आणि त्या आठवड्यात अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानावरचा माणूस.

हे प्रकरण बहुतेकांना "श्रीमंत हिरोने भ्रष्ट सिनेटरची जिरवली" अशा एका ओळीत माहीत असतं आणि त्यात खोटं काही नाही, पण ती अर्धीच गोष्ट आहे. युद्धकाळातल्या कंत्राटांची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या समितीने जो प्रश्न विचारला होता तो अगदी रास्त होता, ह्यूजच्या विमानांवर सरकारचे चार कोटी डॉलर खर्च झाले आणि युद्ध संपेपर्यंत एकही विमान हातात आलं नाही, मग पैसे गेले कुठे? या प्रश्नाचं उत्तर कॉकस रूममध्ये कधी नीट मिळालंच नाही, कारण विचारणाऱ्याचे, म्हणजे समितीचा अध्यक्ष सिनेटर ओवेन ब्रूस्टर याचे, स्वतःचे हात अडकलेले होते. मला या केसमध्ये इंटरेस्ट आहे तो यासाठी.

आधी समिती काय होती ते

ही समिती मुळात हॅरी ट्रुमनची. 1941 च्या सुरुवातीला ट्रुमन मिझुरीचा एक फारसा कुणी न विचारणारा सिनेटर होता. अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती पण तयारी जोरात चालली होती, देशभर लष्करी छावण्या बांधल्या जात होत्या, आणि कंत्राटं अशी की जेवढा खर्च होईल तेवढा सरकार देणार आणि वर ठरलेली फी. मग काटकसर कोण कशाला करेल? मिझुरीतल्याच फोर्ट लेनर्ड वुडच्या बांधकामाच्या तक्रारी त्याच्याकडे यायला लागल्या, तर पठ्ठ्या स्वतःची डॉज गाडी काढून छावण्या बघत फिरला. पावसात भिजणारं लाकूड, रिकामे बसलेले आणि पगार खाणारे मजूर, सगळं डोळ्यांनी बघितलं आणि परत येऊन सिनेटमध्ये चौकशी समितीची मागणी केली. मागितले 25,000 डॉलर, मिळाले 15,000.

त्या पंधरा हजारातून जी समिती उभी राहिली ती अमेरिकेच्या इतिहासातली सगळ्यात यशस्वी चौकशी समिती मानली जाते. ट्रुमनने अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातल्या संसदीय समितीचा अभ्यास केलेला होता, त्या समितीने सेनापतींच्या कामात लुडबुड करून लिंकनच्या डोक्याला ताप दिला होता, म्हणून ट्रुमनने पहिल्यापासून ठरवलं की लढाई कशी लढायची यात आपण पडायचं नाही, फक्त पैसा, माल आणि कंत्राटं बघायची. अहवाल एकमताने काढायचे. आणि ज्यांच्यावर ठपका येणार आहे त्यांना मसुदा आधी दाखवायचा, त्यांचं म्हणणं ऐकायचं, मग छापायचं. ही शेवटची गोष्ट साधी वाटते पण सगळी मेख तिथेच आहे. ज्याला माहितीये की समोरच्याला उत्तर द्यायची संधी मिळणारच आहे, तो आरोप करताना चार वेळा तपासून बघतो.

1944 मध्ये ट्रुमन उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि समिती सोडली, पुढच्या वर्षी रूझवेल्ट वारला आणि ट्रुमन थेट राष्ट्राध्यक्ष. समिती मात्र चालू राहिली. 1946 च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने सिनेट जिंकली आणि अध्यक्षपद आलं ओवेन ब्रूस्टरकडे. हा मेन राज्याचा सिनेटर, आधी तिथलाच गव्हर्नर राहिलेला, आणि ट्रुमनच्या मूळ समितीत पहिल्यापासून असलेला मेंबर, म्हणजे सगळी तालीम जवळून बघितलेला. खुर्ची तीच, दरारा तोच. 1948 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक समोर होती, त्यामुळे रूझवेल्टच्या काळातली उधळपट्टी बाहेर काढली की पक्षाचा फायदा हे उघडच होतं. तेवढ्याने काही बिघडत नाही, विरोधकांनी सरकारची लफडी काढायची नाहीत तर कुणी काढायची.

दोन विमानं

पहिलं विमान ते महाकाय. 1942 मध्ये जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये अमेरिकन जहाजं पटापट बुडवत होत्या, तेव्हा जहाजं बांधणारा हेन्री कैसर म्हणाला की जहाजं पाण्यातून न्यायची कशाला, उडवूनच नेऊ. त्याने ह्यूजला सोबत घेतलं. नोव्हेंबर 1942 मध्ये 1 कोटी 80 लाख डॉलरचं कंत्राट झालं, तीन उडत्या बोटी बनवायच्या, नफा घ्यायचा नाही, आणि अॅल्युमिनियम लढाऊ विमानांना लागत असल्यामुळे बोट लाकडाची करायची. बहुतेक सगळी बर्चच्या पातळ थरांची, चिकटवून आणि दाबून केलेली. पंखांचा पसारा 320 फूट, आठ इंजिनं, सातशे-साडेसातशे सैनिक एका वेळी जातील अशी कल्पना. ह्यूज प्रत्येक गोष्टीत एवढा चिकित्सक की काम पुढे सरकेना, कैसर 1944 मध्ये बाहेर पडला, तीनची एक बोट झाली, आणि तीसुद्धा युद्ध संपलं तेव्हा अर्धवट. 1946 मध्ये तिचे तुकडे कल्व्हर सिटीहून लॉंग बीचच्या बंदरात नेले, ते काम घरं उचलून हलवणाऱ्या कंपनीला द्यावं लागलं.

दुसरं एक्सएफ-11, हे फोटो काढणारं टेहळणी विमान. लष्कराच्या खरेदी खात्यातल्या लोकांचा याला विरोध होता, जनरल ऑलिव्हर एकोल्सचा तर चांगलाच. पण ऑगस्ट 1943 मध्ये राष्ट्राध्यक्षांचा मुलगा कर्नल एलियट रूझवेल्ट, जो स्वतः हवाई टेहळणीत काम केलेला होता, तो टीम घेऊन कॅलिफोर्नियाला आला, विमान बघितलं आणि घ्या म्हणून शिफारस केली. वरून हवाई दलाचा प्रमुख जनरल हॅप आर्नल्डने शंभर विमानांची ऑर्डर काढली. युद्ध संपता संपता त्यातली अठ्ठ्याण्णव रद्द. उरलेल्या दोनपैकी पहिलं ह्यूजने स्वतः 7 जुलै 1946 ला उडवलं आणि बेव्हर्ली हिल्समधल्या घरांवर पाडलं. जळत्या विमानातून एका मरीन सार्जंटने ओढून काढला म्हणून वाचला, पण छाती चेपली, बरगड्या मोडल्या, भाजलं ते वेगळंच, आणि त्या दुखण्यातून तो पुढे कधी पूर्ण बाहेर आलाच नाही. कॉकस रूममध्ये बसलेला माणूस या अपघातानंतर तेराच महिन्यांनी बसलेला आहे हे लक्षात ठेवा. ऐकायलाही त्याला कमी यायचं, प्रश्न पुन्हा विचारा म्हणायचा, आणि त्याचा त्याला थोडा फायदाही झाला, कारण तेवढा विचार करायला वेळ मिळायचा.

दोन्ही मिळून साधारण 4 कोटी डॉलर. उडत्या बोटीत आपण स्वतःचेही 70 लाखांच्या वर घातलेत असं ह्यूजचं म्हणणं होतं.

एलियट, नट्या आणि खर्चाचा हिशोब

28 जुलै 1947 ला सुनावणी सुरू झाली. ब्रूस्टर मुख्य समितीचा अध्यक्ष, पण प्रत्यक्ष सुनावणीची उपसमिती चालवत होता फर्ग्युसन. हा मिशिगनचा, आधी जज्ज, डेट्रॉइटमध्ये एकट्याने ग्रँड ज्युरीचं काम करून तिथल्या मेयरला आणि सरकारी वकिलाला लाचखोरीत अडकवलेला माणूस. म्हणजे भ्रष्टाचार शोधण्यात कच्चा अजिबात नव्हता.

पहिला मासा जॉनी मेयर. ह्यूजचा प्रसिद्धीवाला, म्हणजे प्रत्यक्षात लष्करी अधिकारी आणि वॉशिंग्टनच्या मोठ्या लोकांना खूश ठेवणारा माणूस. त्याच्या खर्चाच्या नोंदी समितीच्या हाती लागल्या होत्या, काही वर्षांचे मिळून दीड लाख डॉलरच्या वर. नाइटक्लबची बिलं, हॉटेलं, शॅम्पेन, युद्धात सोन्याच्या भावाने मिळणारे नायलॉनचे मोजे, पार्ट्यांना आलेल्या मुलींना दिलेल्या भेटी. एलियट रूझवेल्टची आणि नटी फे एमर्सनची ओळख मेयरनेच करून दिलेली, 1944 च्या डिसेंबरमध्ये ग्रँड कॅन्यनला त्यांचं लग्न झालं त्याचाही खर्च या हिशोबात होता. पेपरवाल्यांची तर दिवाळी. एलियट 4 ऑगस्टला साक्षीला आला आणि म्हणाला की यातल्या कितीतरी तारखांना मी त्या ठिकाणी नव्हतोच, मेयरचे आकडे फुगवलेले आहेत, आणि शिफारस मी विमान बघून केली, पार्ट्या बघून नाही.

इथे समितीचा गाडा रुळावरून घसरला असं मला वाटतं. खरा प्रश्न होता की खरेदी खात्याचा विरोध डावलून ऑर्डर का निघाली, आणि तो प्रश्न आर्नल्डच्या ऑफिसकडे जातो, फायलींकडे जातो, कंटाळवाणा आहे, त्यात नट्या नाहीत. फर्ग्युसनच्या टीमने सोपा रस्ता धरला. मुलींच्या नावांनी हेडलाइन मिळते, पण पार्टीला गेला म्हणून शिफारस केली हे सिद्ध करायला मधला दुवा लागतो आणि तो कुणाकडेच नव्हता.

ब्रूस्टरचं स्वतःचं दुकान

आता ब्रूस्टरचं बघू. ह्यूजच्या ताब्यात टीडब्ल्यूए ही विमान कंपनी होती. युद्धाआधी अमेरिकेची परदेशी विमानसेवा म्हणजे जवळजवळ पॅन अॅम आणि तिचा मालकासारखा वावरणारा प्रमुख ह्वान ट्रिप. 1945 मध्ये सरकारने ती मक्तेदारी मोडली आणि अटलांटिक ओलांडायचा परवाना टीडब्ल्यूएलाही दिला, पॅरिस, रोम, कैरो करत पार मुंबईपर्यंतचा मार्ग. (सांताक्रूझला टीडब्ल्यूएची कॉन्स्टेलेशन विमानं यायची ती याच परवान्यावर.) ट्रिपचं म्हणणं होतं की इंग्लंड, फ्रान्स सगळ्यांची एकेक राष्ट्रीय कंपनी आहे, आपल्याच दोन कंपन्या बाहेर एकमेकींशी भांडल्या तर तोटा देशाचा, म्हणून अमेरिकेचीही परदेशासाठी एकच कंपनी असावी. हा मुद्दा धोरण म्हणून अगदीच टाकाऊ नव्हता, बऱ्याच देशांनी तेच केलं होतं. पण एकच कंपनी म्हणजे व्यवहारात पॅन अॅम, आणि या आशयाचं बिल सिनेटमध्ये पुढे रेटणारा माणूस कोण, तर ओवेन ब्रूस्टर. शिवाय पॅन अॅमचा उपाध्यक्ष सॅम प्रायर हा त्याचा दोस्त, त्याच्या विमानातून ब्रूस्टर फुकट फिरलेला, त्याच्या फ्लोरिडातल्या घरी पाहुणचार घेतलेला.

म्हणजे एका हातात पॅन अॅमच्या फायद्याचं बिल आणि दुसऱ्या हातात पॅन अॅमच्या स्पर्धकाला साक्षीला बोलावायचं समन्स. कुठल्याही ग्रामपंचायतीतसुद्धा लोक म्हणतील की बाबा, निदान या विषयापुरता तरी खुर्चीवरून बाजूला हो. ब्रूस्टर झाला नाही. फर्ग्युसनला पुढे केलं आणि आपण मागून बघत बसला, वर त्याला वाटलं की एवढं पुरेसं आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ह्यूजने सुनावणीला यायच्या आधीच पेपरांतून तोफ डागली होती. कॅलिफोर्नियाहून स्वतः विमान चालवत वॉशिंग्टनला आला आणि 6 ऑगस्टला शपथेवर सांगितलं की फेब्रुवारीत मेफ्लॉवर हॉटेलमध्ये जेवताना ब्रूस्टरने मला जवळपास उघड शब्दांत सांगितलं, टीडब्ल्यूए पॅन अॅममध्ये विलीन करायला तयार हो आणि माझ्या बिलाला साथ दे, मग ही चौकशी पुढे चालणार नाही.

पुरावा? काही नाही. दोघं जेवले होते हे ब्रूस्टरलाही मान्य होतं, बोलणं काय झालं ते त्या दोघांनाच माहीत. ह्यूज खरं बोलत होता की नाही हे शपथेवर सांगायला आज कुणी नाही आणि तेव्हाही नव्हतं, पण फुकटचे विमानप्रवास, प्रायरचं घर, ते बिल, या गोष्टी कागदावर होत्या आणि त्या आधीपासून होत्या. आरोप हवेत लटकत नव्हता, त्याला टेकायला भिंत होती.

खुर्ची बदलली तो दिवस

अमेरिकन संसदेच्या सुनावणीत साक्षीदाराचे हात कसे बांधलेले असतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं विशेष वाटणार नाही. ते कोर्ट नसतं. वकील शेजारी बसू शकतो, कानात सांगू शकतो, पण समोरच्या साक्षीदाराची उलटतपासणी करायचा हक्क नाही. काय विचारायचं, किती वेळ, कुठल्या क्रमाने, हे सगळं अध्यक्षाच्या हातात. उत्तर द्यायचं टाळलं किंवा कागद दिले नाहीत तर संसदेच्या अवमानाचा खटला, तो कायदा 1857 पासूनचा. उलट बाजूला सिनेटर समितीत काय बोलला याबद्दल त्याला बाहेर कुठल्याही कोर्टात खेचता येत नाही, राज्यघटनेचंच संरक्षण आहे. म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधीच एकतर्फी.

असं असताना ब्रूस्टरने त्याच दिवशी एक गोष्ट केली जी कुणी सल्ला विचारला असता तर कुणीही नको म्हणाला असता. तो समितीच्या टेबलामागून उठला, पुढे येऊन साक्षीदाराच्या जागी बसला, शपथ घेतली आणि आरोप नाकारायला लागला. मी असं काही बोललो नाही, मी इतकी वर्षं सार्वजनिक जीवनात आहे, पहिल्या भेटीत असली धमकी द्यायला मी काय खुळा आहे का, असा सूर. मुद्दा तसा बरा होता. पण ज्या क्षणी तो त्या खुर्चीत बसला त्या क्षणी सिनेटर ब्रूस्टर संपला आणि साक्षीदार ब्रूस्टर सुरू झाला, आणि साक्षीदाराला प्रश्न विचारले जातात.

ह्यूज म्हणाला, मला याची उलटतपासणी घेऊ द्या. फर्ग्युसनची पंचाईत. घेऊ दिली तर समितीचीच प्रथा मोडते, नाही म्हणावं तर सगळ्या देशाला दिसणार की सिनेटर लपतोय. त्याने मधला मार्ग काढला, तुमचे प्रश्न लिहून द्या, मी वाचून विचारतो. हे त्याला फार न्याय्य वाटलं असणार, पण झालं काय की ह्यूजच्या बाजूने तयार झालेले प्रश्न, पॅन अॅमच्या विमानातून किती वेळा गेलात, तिकिटाचे पैसे दिलेत का, प्रायरच्या घरी किती वेळा राहिलात, असले, खुद्द समितीच्या माणसाच्या तोंडून, सरकारी सुनावणीत, ब्रूस्टरला विचारले गेले. आणि त्यातल्या प्रवासांना ब्रूस्टरला हो म्हणावं लागलं. ह्यूजला एकही प्रश्न स्वतः विचारावा लागला नाही.

शिवाय ह्यूजचं बोलणं. लोकांना वाटलं होतं नट्यांच्या घोळक्यातला छबकडा येईल, आला तो चुरगळलेल्या सुटातला, थकलेला, सरळ बोलणारा माणूस. मी लहरी असेन, विक्षिप्त असेन, पण खोटारडा म्हणून माझी ओळख नाही आणि सिनेटर ब्रूस्टरची ओळख काय आहे ते वॉशिंग्टनमध्ये विचारा, असं त्याने ऐकवलं. 1938 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा चार दिवसांच्या आत पूर्ण करून आलेला हिरो लोकांच्या लक्षात होता. उडत्या बोटीबद्दल म्हणाला की मी यात माझं आयुष्य ओतलंय, आणि ती उडाली नाही तर मी बहुधा हा देश सोडून जाईन आणि परत येणार नाही. नाटकी आहे का? आहेच. पण कॉकस रूम टाळ्यांनी दणाणली आणि फर्ग्युसनला खोली रिकामी करायची धमकी द्यावी लागली.

जॉनी मेयरला पुन्हा आणा म्हणून फर्ग्युसनने जी सरबत्ती केली, ती याच दिवसांतली. मेयर कुठेय? माहीत नाही. तुमचा नोकर आहे ना? माझ्याकडे खूप लोक काम करतात. आणाल का? नाही, मला नाही वाटत मी आणेन. ह्यूजचं म्हणणं होतं की मेयर आधीच तुमच्यापुढे येऊन गेलाय, आता माझ्या शेजारी बसवून तुम्हाला नुसता तमाशा करायचाय. कायद्याने पाहिलं तर इथे ह्यूजवर अवमानाचा बडगा उगारता आला असता. पण समोर न्यूजरीलचे कॅमेरे होते, पब्लिक कुणाच्या बाजूने आहे ते कानाला ऐकू येत होतं, आणि डेमोक्रॅट मेंबरांना, विशेषतः क्लॉड पेपरला, ह्यूजला दुखवण्यात रस नव्हता. हातात काठी आहे पण मारता येत नाही अशी गत. ज्या गर्दीला आणि कॅमेऱ्यांना समितीने मुद्दाम बोलावलं होतं, तेच तिच्यावर उलटले.

ब्रूस्टर वॉशिंग्टन सोडून मेनला निघून गेला. 11 ऑगस्टला फर्ग्युसनने सुनावणी एकदम तहकूब केली, पुढची तारीख 17 नोव्हेंबर. ह्यूज पत्रकारांना म्हणाला की ब्रूस्टरला इथे थांबून तोंड द्यायची हिंमत नव्हती. ह्यूजलाच कॅलिफोर्नियात सिनेटर करा, राष्ट्राध्यक्ष करा अशीही बडबड काही दिवस चालली.

मधल्या वेळात, 2 नोव्हेंबरला, लॉंग बीचच्या पाण्यात उडत्या बोटीची चाचणी होती. चाचणी नुसती पाण्यावर पळवायची, असं जाहीर केलेलं. पत्रकार आत बसवले, दोन फेऱ्या झाल्या, त्यातले बरेच उतरून बातमी द्यायला पळाले, आणि तिसऱ्या फेरीत ह्यूजने यंत्र वर काढलं. रेडिओचा एक रिपोर्टर आत माइक धरून बसलेला, त्याच्या आवाजातला धक्का रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो. उंची साधारण सत्तर फूट, अंतर मैलभर, वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास. त्यानंतर ते विमान पुन्हा कधी उडालं नाही, ह्यूज मरेपर्यंत म्हणजे 1976 पर्यंत ते त्याने लाखो डॉलर खर्चून हँगरमध्ये जपून ठेवलं, आता ऑरेगनमध्ये मॅकमिनव्हिलच्या म्युझियममध्ये आहे. तांत्रिकदृष्ट्या या उड्डाणाने काय सिद्ध झालं यावर इंजिनियर आजही वाद घालतात, पाण्याच्या इतक्या जवळ पंखांखाली हवेचा आधार जास्त मिळतो वगैरे. राजकीयदृष्ट्या मात्र पंधरा दिवसांवर आलेल्या सुनावणीतली हवाच गेली. न उडणारं विमान हा आरोप आता करता येईना. उशिरा उडालेलं, युद्धाच्या काही कामाला न आलेलं, हा आरोप करता येत होता आणि तो खराही होता, पण लोकांना तो ऐकायचा नव्हता.

आणि मग नोव्हेंबर, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही

नोव्हेंबरची फेरी ऑगस्टइतकी गाजली नाही पण समितीला काम म्हणून जे काही मिळालं ते तिथे. मेजर जनरल बेनेट मेयर्स (जॉनी मेयरशी नात्याने काही संबंध नाही) हा युद्धात हवाई दलाच्या खरेदीतला मोठा अधिकारी, ह्यूजच्या कंत्राटांशी त्याचा संबंध आलेला. ह्यूजने साक्षीत सांगितलं की या माणसाने सरकारी बाँड घेण्यासाठी माझ्याकडे दोन लाख डॉलर कर्ज मागितलं होतं आणि मी दिलं नाही. मेयर्सने उलटा आरोप केला, म्हणाला नोकरीचं आमिष ह्यूजनेच दाखवलं.

या वेळी समितीने नट्यांच्या नादी न लागता हिशोब तपासला. ओहायोत डेटनजवळ एव्हिएशन इलेक्ट्रिक नावाची छोटी कंपनी होती, विमानांचे इलेक्ट्रिकल पार्ट बनवणारी, युद्धात तिला चांगली कामं मिळालेली. तिचा कागदोपत्री प्रेसिडेंट एक साधा मनुष्य, पगार वर्षाला तीस हजार डॉलरच्या वर, पण प्रत्यक्षात त्याच्या हातात राहायचे आठवड्याला पन्नास डॉलरच्या आसपास. बाकीचे चेक वटवून पैसे कुणाकडे जायचे, तर जनरल मेयर्सकडे. कंपनी खरी त्याचीच. त्या माणसाने आधी समितीच्या लोकांना वेगळंच सांगितलं होतं, मग साक्षीत कबूल केलं की जनरलनेच मला खोटं बोलायला लावलं. मेयर्सने पुन्हा खुर्चीत येऊन बचावात त्या बिचाऱ्याच्या बायकोबरोबरचे स्वतःचे संबंध भर सुनावणीत काढले, तेव्हा ऐकणारे सिनेटरसुद्धा ओशाळले म्हणतात. 1948 मध्ये कोर्टाने त्याला दुसऱ्याकडून खोटी साक्ष देववल्याबद्दल दोषी ठरवलं आणि तो तुरुंगात गेला.

कुंपणच शेत खात होतं, आणि ते सापडलं चेकबुकातून. विनोद बघा, ज्या साक्षीदाराला गुन्हेगार म्हणून उभं केलं होतं त्याने दिलेल्या धाग्यावरून समितीला या चौकशीतला एकुलता एक खरा गुन्हेगार मिळाला. हे काम मुख्यतः स्टाफने केलं, वकिलांनी आणि तपासनिसांनी. त्यातला एक तरुण वकील विल्यम रॉजर्स, जो पुढे आयझेनहॉवरच्या काळात अॅटर्नी जनरल आणि निक्सनच्या काळात परराष्ट्रमंत्री झाला.

ह्यूजवर कसलाही खटला झाला नाही. त्याच्या माणसाने अधिकाऱ्यांवर लाखो रुपयांच्या भावाचा पाहुणचार उधळला ही गोष्ट मात्र कुणी खोडून काढलेली नाही, ऑगस्टच्या टाळ्यांमध्ये ती वाहून गेली इतकंच. माझं वैयक्तिक मत विचाराल तर अध्यक्षपदावर त्या विषयापुरता दुसरा कुणी, अगदी रिपब्लिकनच, असता तर ह्यूजला मेयरच्या खर्चाचं आणि शंभर विमानांच्या ऑर्डरचं उत्तर देताना घाम फुटला असता. त्याला मेफ्लॉवरच्या जेवणाची गोष्ट सांगायची गरजच पडली नसती आणि सांगितली असती तरी तिला विचारलं कोणी नसतं. ट्रुमनच्या काळातला मसुदा आधी दाखवायचा नियम पाळला असता तरी ब्रूस्टरला जुलैच्या आधीच कळलं असतं की समोरचा काय बाहेर काढणार आहे.

ब्रूस्टर 1952 मध्ये पुन्हा उभा राहिला आणि पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच मेनच्या गव्हर्नरकडून, फ्रेडरिक पेनकडून, हरला. ह्यूजने त्याच्याविरुद्ध पैसा लावला होता असं तेव्हापासून बोललं जातं. त्याचं ते एकाच कंपनीचं बिल कधी पास झालं नाही, टीडब्ल्यूए परदेशात उडत राहिली.

समिती 1948 मध्ये बंद झाली. तिचं काम आणि स्टाफमधले काही लोक सिनेटच्या एका कायमस्वरूपी चौकशी उपसमितीकडे गेले, तिचा पहिला अध्यक्ष होमर फर्ग्युसन. 1953 मध्ये त्याच उपसमितीच्या अध्यक्षपदावर आला जोसेफ मॅकार्थी, जिथे तिथे कम्युनिस्ट शोधण्यासाठी गाजलेला सिनेटर, आणि 1954 च्या वसंतात त्याच कॉकस रूममध्ये, या वेळी टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे, त्यालाही टेबलामागून उठून साक्षीदाराच्या खुर्चीत बसावं लागलं.